बाळाला ऐकू येते काय?

उज्जैन नगरीची पहाट आवाजांनी उजाडते. महाकालेश्वराच्या भस्मारतीचा घंटानाद, शिप्रेच्या घाटावरील स्नानाची गडबड, गोपाळ मंदिराच्या चौकात दुकाने उघडल्याचा खडखडाट, आणि मराठी वस्तीतल्या घरांतून कानी पडणारी, मालवी वळण लागलेली पण अद्याप मराठीच राहिलेली बोली. शिंद्यांच्या अमदानीत येथे आलेल्या ह्या कुटुंबांच्या पिढ्यांमागून पिढ्या गेल्या. त्यांची भाषा टिकली ती मुख्यतः कानांच्या आधारावर. ह्याच नगरीत सांदीपनींच्या आश्रमात श्रीकृष्ण आणि बलराम शिकले, अशी परंपरा सांगते. त्या काळी शिकणे म्हणजे ऐकणे. म्हणूनच विद्वान माणसाला मराठीत आजही ‘बहुश्रुत’, म्हणजे पुष्कळ ऐकलेला, असे म्हणतात.

अशा ह्या नगरीतील एखाद्या रुग्णालयात, नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात, सव्वा किलो वजनाचे एक अर्भक काचेच्या पेटीत पहुडलेले असते. त्याचा श्वास चालतो काय, रक्तातील साखर किती, वजन आज किती ग्रॅमने वाढले, ह्याची नोंद तासातासाने होत असते. त्याला ऐकू येते काय, हा प्रश्न मात्र पुष्कळदा कोणी विचारीत नाही. आईच्या मनात तो येत नाही, कारण मूल जगेल की नाही ह्याच काळजीने ती अर्धी झालेली असते.

हा प्रश्न एका अर्थाने नवाच आहे. पूर्वी अशी बालके वाचतच नसत, तेव्हा त्यांच्या कानांची चौकशी कोण करणार? महिदपूर, तराणा, घट्टिया अशा भागांतील खेड्यांत बाळंतपण घरीच, सुईणीच्या हातून होई. २००५ साली जननी सुरक्षा योजना सुरू झाल्यानंतर खेड्यातील स्त्रिया प्रसूतीसाठी मोठ्या संख्येने रुग्णालयांत येऊ लागल्या. जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयांप्रमाणेच, २००१ साली सुरू झालेल्या आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासारखी मोठी ठिकाणेही उज्जैनच्या आसपासच्या लोकांना जवळ आली. अपुऱ्या दिवसांची, गुदमरलेली, जंतुदोष झालेली मुले वाचू लागली. ह्या यशाबरोबरच एक नवी जबाबदारीही आली आहे. सामान्यतः जन्मलेल्या हजार बालकांत एक ते तीन बालके अशी असतात की ज्यांना जन्मतःच लक्षात घेण्याजोगा बहिरेपणा असतो. अतिदक्षता विभागातून घरी जाणाऱ्या मुलांत मात्र हे प्रमाण दर शंभरांत दोन ते चार इतके सांगितले जाते. फरक थोडाथोडका नाही.

असे का व्हावे? अंतर्कर्ण हा फार नाजूक अवयव आहे. शंखाच्या आकाराच्या त्या पोकळीत सूक्ष्म केसांसारख्या पेशींच्या रांगा असतात आणि एकदा नष्ट झालेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. जन्मताना बाळ रडले नाही, काही मिनिटे प्राणवायूवाचून राहिले, तर ह्या पेशींना आणि त्यांच्यापुढील मज्जामार्गाला इजा होऊ शकते. जंतुदोषावर दिले जाणारे जेंटामायसीनसारखे औषध बाळाचे प्राण वाचविते. पण ते दीर्घकाळ द्यावे लागले तर ह्याच पेशींना त्यापासून धोका असतो. आईकडून येणारा एक आनुवंशिक दोष असलेल्या काही कुटुंबांत तर थोड्या मात्रेनेही कान जातात. म्हणून औषध देऊ नये, असा अर्थ कोणी घेऊ नये. प्राण आधी, हे खरेच. परंतु औषध दिले आहे, ही गोष्ट पुढे कान तपासणाऱ्याला कळली पाहिजे.

काविळीचे प्रकरण अधिक सूक्ष्म आहे. नवजात बालकांपैकी निम्म्याहून अधिक थोडीबहुत पिवळी पडतात आणि बहुतेकांची कावीळ आपोआप उतरते. ‘कोवळ्या उन्हात धरा, जाईल’ हा आजीबाईंचा सल्ला त्यामुळेच इतकी वर्षे टिकला. पण कावीळ फार वाढली, रक्त बदलावे लागण्याच्या पातळीपर्यंत गेली, तर ते पिवळे द्रव्य मेंदूत शिरते आणि नेमके श्रवणाच्या मार्गावरील केंद्रांना धरते. अशा बाळाला उन्हात धरून बसणे म्हणजे मोलाचा वेळ घालविणे होय. कान शाबूत, पण कानाकडून मेंदूकडे जाणारी तार निकामी, असा विचित्र प्रकार ह्या बालकांत आढळतो. ह्याचा विचार पुढे करावयाचा आहे, तेव्हा श्रोत्यांनी तो लक्षात ठेवावा.

काही कारणे जन्मापूर्वीची आहेत. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत आईला रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, झाला तर मुलाच्या डोळ्यांना आणि कानांना अपाय होतो. सिडनीचे नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग ह्यांनी १९४१ साली अशा मुलांच्या मोतीबिंदूवरून हा संबंध प्रथम जगापुढे मांडला. बहिरेपणाचा उलगडा त्यानंतर लवकरच झाला. भारतात गोवर-रुबेलाच्या लसीची देशव्यापी मोहीम २०१७ साली सुरू झाली. रक्ताच्या नात्यातील विवाह हेही एक कारण आहे. मामेबहिणीशी लग्न लावण्याची चाल महाराष्ट्रातील पुष्कळ जातींत आहे आणि ती मराठी कुटुंबांबरोबर बाहेरगावीही गेली. दोन्ही बाजूंनी एकच सुप्त दोष आला, तर धडधाकट आईबापांच्या पोटी बहिरे मूल जन्मते. घरात कोणी लहानपणापासून ऐकू न येणारे असेल, तर डॉक्टरांनी विचारल्यावाचूनच ते सांगावे. लपविण्याजोगे त्यात काही नाही.

आता घरगुती परीक्षेविषयी. बाळाच्या मागे उभे राहून टाळी वाजवावी, थाळी आपटावी, खुळखुळा हलवावा आणि बाळ दचकले की सर्वांनी समाधान मानावे, ही रीत घरोघरी आहे. ही परीक्षा फसवी आहे. टाळीची झुळूक मानेला लागते, थाळीचा हादरा पाळण्यातून पोहोचतो, मागे उभ्या असलेल्या माणसाची सावली पुढे पडते. शिवाय पुष्कळ मुलांचे श्रवण अर्धवट गेलेले असते. त्यांना ढोल ऐकू येतो, दार आपटलेले कळते, पण ‘स’ आणि ‘श’ ह्यांसारखे बारीक ध्वनी त्यांच्यापर्यंत येत नाहीत; आणि भाषा तर अशाच बारीक ध्वनींवर उभी असते. आणखी एक गोष्ट आईबापांना चकविते. बहिरे बाळही पहिल्या काही महिन्यांत इतर मुलांसारखेच हुंकार देते, हसते, आवाज काढते. सहाव्या-सातव्या महिन्यात ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी बोबडी साखळी सुरू व्हावयाची, ती त्याच्याकडून येत नाही. तोवर आजी म्हणते, ‘आमच्या घराण्यात मुलं उशिराच बोलतात, ह्याचा बापही तीन वर्षांचा होईपर्यंत मुका होता.’ कोणी जिभेखालची शीर कापून आणतात. जीभ बिचारी निर्दोष असते. ती जे ऐकत नाही ते बोलणार कसे?

टाळीची परीक्षा फसवी आहे, हे विलायतेतील तज्ज्ञांनाही सहज कळले नाही. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात मॅरियन डाउन्स ह्या विदुषीने १९६० नंतरच्या दशकात रुग्णालयांतून स्वयंसेविका नेमल्या. त्यांनी पाळण्यातील बालकांजवळ मोठा आवाज करावयाचा आणि बाळाच्या पापण्या हलल्या काय, अंग आखडले काय, ते पाहावयाचे. अशी १७,००० बालके तपासून झाली. त्यातून ध्यानात आले ते असे की, पाहणाऱ्यापाहणाऱ्यांत फार मतभेद होतो आणि झोपलेले बाळ कधी हलते, कधी हलत नाही. १९६९ साली तेथे तज्ज्ञांची एक संयुक्त समिती बसली आणि डाउन्सबाईंच्या पुढाकाराने निराळा विचार पुढे आला: सर्वच मुलांपुढे टाळ्या वाजवीत बसण्यापेक्षा ज्यांना जोखीम अधिक, अशा मुलांची यादी करावी आणि त्यांची कसून तपासणी करावी. आज जगभर, आणि आपल्याकडेही, ‘जोखमीचे बालक’ हा जो शब्द ऐकू येतो त्याचे मूळ येथे आहे.

कसून तपासणी करावयाची ती कशाने? १९७८ साली लंडनमध्ये डेव्हिड केम्प ह्या शास्त्रज्ञाने एक चमत्कारिक गोष्ट सिद्ध केली. निरोगी कान केवळ आवाज घेत नाही, तो अत्यंत क्षीण असा आवाज परतही देतो. अंतर्कर्णातील त्या केसाळ पेशी हलतात आणि त्यांचा जणू प्रतिध्वनी बाहेर येतो. बाळाच्या कानात मऊ टोकाची एक लहानशी नळी बसवावी, बारीक ‘टिक टिक’ असा ध्वनी सोडावा, आणि परत येणारा प्रतिध्वनी यंत्राने टिपावा. सुई नाही, औषध नाही. दूध पिऊन झोपलेल्या बाळाला पत्ताही लागत नाही. काही मिनिटांचे काम. ह्या परीक्षेला रुग्णालयांत ‘ओ. ए. ई.’ ह्या आद्याक्षरांनी ओळखतात. जन्मानंतर पहिल्या दिवशी कानात गर्भजलाचा अंश आणि चिकटा असतो, त्यामुळे चांगला कानही नापास होतो. म्हणून निदान दोन दिवस थांबून ती करणे बरे. एकदा नापास झाले म्हणून आईने रडत बसू नये. पुन्हा तपासलेल्या मुलांपैकी बहुतेक जण सुटतात.

पण जोखमीच्या बाळासाठी एवढी परीक्षा पुरेशी नाही. वर सांगितलेल्या काविळीची आठवण येथे करावी. प्रतिध्वनी फक्त इतकेच सांगतो की, अंतर्कर्णातील पेशी जिवंत आहेत. तेथून पुढे मेंदूपर्यंत संदेश जातो की नाही, ह्याविषयी तो मुका आहे. काविळीने किंवा प्राणवायूच्या अभावाने पुढील मार्गच बिघडला असेल, तर हे बाळ पहिल्या परीक्षेत उत्तम गुणांनी उत्तीर्ण होते आणि तरीही त्याला आईचा शब्द उमगत नाही. १९९६ साली अर्नॉल्ड स्टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या विकाराला स्वतंत्र नाव देऊन त्याचे वर्णन केले. शाळेच्या भाषेत बोलावयाचे तर, अर्ध्याच अभ्यासक्रमावर प्रश्नपत्रिका काढली आणि मुलाला वरच्या वर्गात घातले, असा हा प्रकार होय.

ह्या मुलांसाठी दुसरी परीक्षा आहे. तिला आपल्याकडे ‘बेरा’ म्हणतात. झोपलेल्या बाळाच्या कपाळावर आणि कानांमागे बारीक चकत्या चिकटवितात आणि कानात टिकटिकीचा ध्वनी देतात. त्या प्रत्येक ध्वनीबरोबर श्रवणमज्जेत विजेच्या अगदी क्षीण लहरी उठतात. एक लहर ओळखू येणे शक्य नसते. म्हणून हजार-दोन हजार वेळा ध्वनी देऊन यंत्र त्यांची सरासरी काढते आणि मग कागदावर लहरींची एक ओळ उमटते. त्यातील पाचवी लहर सर्वांत महत्त्वाची. नवजात बाळात ती मोठ्या आवाजानंतर सुमारे सात सहस्रांश सेकंदांनी येते. ती आलीच नाही, उशिरा आली, किंवा मोठ्या आवाजालाच आली आणि लहान आवाजाला आली नाही, ह्यावरून तज्ज्ञ निदान करतो. उज्जैनमध्ये शिप्रेजवळ सवाई जयसिंहाची वेधशाळा आहे. अठराव्या शतकात उभारलेल्या त्या यंत्रांवर सूर्याच्या सावलीवरून वेळ मोजीत. काळ मोजण्याची परंपरा असलेल्या ह्या गावात आज सेकंदाच्या सहस्रांशावरून एका मुलाचे भवितव्य ठरावे, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

तेव्हा नियम असा बसला आहे की, अतिदक्षता विभागात पाच दिवसांहून अधिक राहिलेल्या बाळाची ‘बेरा’ परीक्षा व्हावीच. नुसत्या प्रतिध्वनीवर भागवू नये. तीही घरी जाण्यापूर्वी व्हावी. पहिल्या महिन्याच्या आत चाळणी, तिसऱ्या महिन्याच्या आत पक्के निदान, आणि सहाव्या महिन्याच्या आत उपचार व शिकवणूक सुरू, अशा ह्या तीन मुदती आहेत. ह्या मुदती कोणी लहरीने ठरविल्या नाहीत. कोलोराडो विद्यापीठातील क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवून दिले की, सहा महिन्यांच्या आत बहिरेपण ओळखले गेलेल्या मुलांची भाषा उशिरा ओळखल्या गेलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे सरस असते. बहिरेपण सौम्य असो की तीव्र. मेंदूतील भाषेची जमीन पहिल्या वर्षांतच नांगरली जाते. तिसऱ्या वर्षी उत्तम यंत्र कानाला लावले, तरी गेलेली पेरणी सहजासहजी परत मिळत नाही.

खरी अडचण यंत्राची नाही, रस्त्याची आहे. समजा, महिदपूरकडच्या एका खेड्यातील शेतमजुराच्या बायकोला सातव्या महिन्यात मुलगा झाला. वीस दिवस तो पेटीत राहिला, कावीळ झाली, दिव्याखाली ठेवला, दहा दिवस औषध टोचले. एकविसाव्या दिवशी डॉक्टर म्हणतात, ‘बाई, मूल वाचले, घरी न्या, महिन्याने कानाची तपासणी करून घ्या.’ कागदावर इंग्रजीत एक ओळ लिहिली जाते. घरी गेल्यावर सोयाबीनची काढणी उभी असते. नवऱ्याची एक दिवसाची मजुरी बुडते, बसभाडे लागते, आणि बाळ तर टवटवीत दिसते. सासूबाई म्हणतात, ‘पुन्हा कशाला त्या दवाखान्याच्या वाऱ्या?’ त्या कुटुंबाला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु चौकशी केली तर दिसेल की, कान का तपासावयाचे हे त्यांना त्यांच्या भाषेत कोणी सांगितलेच नव्हते. अशा तपासण्यांत दुसऱ्या खेपेस येणाऱ्यांची गळती ही सर्व देशांतील कार्यकर्त्यांची तक्रार आहे.

ह्यावर तोड नाही असे नाही. केरळातील कोची शहरात २००३ सालापासून बालरोगतज्ज्ञांनी एक साधी युक्ती केली. प्रत्येक रुग्णालयाने यंत्र घेण्याऐवजी एक यंत्र आणि ते चालविणारी प्रशिक्षित व्यक्ती ठरलेल्या वारी निरनिराळ्या रुग्णालयांत फिरू लागली. बाळाला यंत्राकडे नेण्याऐवजी यंत्रच बाळाकडे आले. उज्जैन आणि आसपासच्या जिल्ह्यांना ही रीत साजण्यासारखी आहे. दुसरे असे की, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांत बाळाला लस टोचण्यासाठी आई येतेच. खेड्यातील आशा कार्यकर्ती तिला आठवण देते, घेऊन येते. कानाची फेरतपासणी त्याच दिवशी, त्याच ठिकाणी ठेवली तर वेगळी मजुरी बुडत नाही. यंत्रे विकत घेऊन कपाटात ठेवणे आणि ती चालविणारी जागा रिकामी ठेवणे, ह्याइतकी उधळपट्टी दुसरी नाही.

शासनाने काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बहिरेपण प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ साली थोड्या जिल्ह्यांत आरंभिला गेला आणि नंतर वाढत गेला. २०१३ साली महाराष्ट्रात पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. मुलांच्या ज्या तीस व्याधी त्यात शोधावयाच्या ठरल्या, त्यांत जन्मजात बहिरेपण आहे. मध्य प्रदेश शासनानेही मुलांच्या अंतर्कर्णात यंत्र बसविण्याच्या खर्चिक शस्त्रक्रियेसाठी साहाय्याची योजना आखली. उज्जैनपासून इंदूर सुमारे ५५ किलोमीटर आहे आणि तेथे मोठ्या रुग्णालयांची सोय आहे. मात्र ह्या सर्व योजनांचा आरंभ पाळण्याशी होतो. मूल ओळखलेच गेले नाही, तर शस्त्रक्रियेचा पैसा कोणासाठी?

जोखमीच्या यादीची एक मर्यादाही सांगणे प्राप्त आहे. बहिऱ्या जन्मलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या बाबतीत यादीतील एकही कारण सापडत नाही. म्हणून सर्वच बालकांची चाळणी व्हावी, हेच अंतिम ध्येय योग्य होय. परंतु जेथे हात आणि यंत्रे थोडी आहेत, तेथे शंभरांत दोन-चार मुले जिथे सापडतात त्या दारापासून आरंभ करणे शहाणपणाचे. आणि परीक्षेत उत्तीर्ण झालेले जोखमीचे बाळही विसरून चालत नाही. मेंदूज्वर झालेल्या किंवा कृत्रिम श्वासावर राहिलेल्या काही मुलांचे कान काही महिन्यांनी मंदावतात. नऊ महिन्यांच्या आत त्यांची एकदा फेरतपासणी व्हावी, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे.

बहिरेपण निश्चित झाले तर पुढे काय? काही महिन्यांच्या बाळाच्या कानालाही श्रवणयंत्र बसते. कान वाढेल तसा त्याचा साचा बदलावा लागतो. त्याने भागले नाही तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. जिथे ह्या दोन्हींचा उपयोग नसेल किंवा कुटुंबाला ती वाट नको असेल, तिथे हातांची खुणांची भाषा आहे, आणि ती दुय्यम भाषा नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे. मुंबईत बिशप लिओ म्यूरिन ह्यांच्या पुढाकाराने १८८० नंतरच्या दशकात मूकबधिरांसाठी शाळा निघाली. भारतातील अशा शाळांचा आरंभ तिच्यापासून धरतात. त्या काळी मूल शाळेच्या वयाचे झाल्यावरच गुरुजींच्या हाती येई, भाषेची पहिली वर्षे मागे टाकून. आज तेच काम पाळण्यापासून सुरू करता येते, आणि पहिली गुरू घरातली आई असते.

उज्जैनच्या मराठी घरात येथे एक गमतीची अडचण उभी राहते. घरात मराठी, दारी हिंदी, मोलकरीण मालवी बोलते, आणि शाळा इंग्रजी! अशा बाळाशी कोणती भाषा बोलावी? पूर्वी तज्ज्ञ म्हणत की, घरची भाषा सोडा आणि एकच शाळेची भाषा धरा. कित्येक आईबापांनी हा सल्ला ऐकून आपल्याच मुलाशी मोडक्या-तोडक्या परक्या भाषेत बोलण्यास आरंभ केला, आणि बोलणेच कमी झाले. आता तज्ज्ञांचे मत बदलले आहे. ज्या भाषेत आईला अंगाई म्हणता येते, आजीला गोष्ट सांगता येते आणि बापाला रागावता येते, तीच भाषा यंत्र लावलेल्या बाळाच्या कानाशी, जवळून आणि दिवसभर बोलावी, असे ते सांगतात.